सगळ्या गावानं एकदम हात आखडला तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष गोटीरामदादा, आजच्या सत्कारमूर्ती सुनीतीमॅडम, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी आणि समाजमंदिराच्या या अंगणात जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी विपुल, मंडपवाला. माझं काम भाषणांच्या आधी संपतं आणि भाषणं संपल्यावर पुन्हा सुरू होतं. मधल्या वेळात माईकसमोर उभं राहायची मला सवय नाही. पण मॅडम उद्या नेरूळ सोडून मुलाकडे पुण्याला निघाल्या आहेत, आणि आज मी बोललो नाही तर माझी बायको भाविका मला घरात घेणार नाही.

मॅडम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर दर रविवारी त्यांनी या समाजमंदिरात आमचा वर्ग घेतला. विषय एकच: देश मंदीत कसा जातो आणि बाहेर कसा येतो. सुरुवातीला आम्ही चहासाठी यायचो, हे आता सांगायला हरकत नाही.

लॉकडाऊन उठल्यानंतरचे दिवस आठवतात ना? कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा पगार अर्ध्यावर आलेला. गावाच्या बैठकीत ठराव झाला, वर्षभर कुणी लग्नाची मोठी हळद करायची नाही. बँजोचा ताफा नाही, मंडप नाही, जेवणावळ नाही. पैसा गाठीला राहू दे. किती शहाणपणाचा वाटला तो ठराव! टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत मी नव्हतो, एवढंच सांगतो.

पुढं काय झालं? बँजोवाले घरी बसले. हळदीच्या जेवणासाठी भाकऱ्या भाजणाऱ्या पुतळामावशी आणि त्यांच्या बाया घरी बसल्या. माझी मंडप बांधणारी पोरं गावातच भाड्यानं राहायची, ती खोल्या सोडून गेली. खोल्या रिकाम्या, म्हणजे घरमालकांचं भाडं बंद. मग घरमालकांनी हात आणखी आखडला. शेवटी मी बांबू, कनाती, खुर्च्या, सगळं जासईच्या एका व्यापाऱ्याला विकायचं ठरवलं. वडिलांनी उभा केलेला धंदा होता हो तो!

त्या रविवारी मॅडम म्हणाल्या, "एका घरानं काटकसर केली तर ते घर सावरतं. सगळ्या घरांनी एकदम केली तर कमाई कुणाची होणार? तुमचा खर्च ही विपुलची कमाई. परदेशात मोठ्या बँका बुडाल्या तेव्हाही लोक असेच घाबरून थांबले. अशा वेळी ज्याच्याकडे साठा आहे त्यानं आधी हात सैल सोडायचा. देशात ते काम सरकारचं."

"मंग आपल्या गावान सरकार कोन?" पुतळामावशींनी विचारलं.

सगळ्यांनी गोटीरामदादांकडे पाहिलं. समाजमंदिराच्या दुरुस्तीचा निधी त्यांच्या समितीनं बँकेत ठेवला होता. दादा उसळले, "मॅडम, वाईट दिवसांत ठेव कोन मोडतं? आमी येडे हाय काय?"

"चांगल्या दिवसांत गवंडी मिळत नाहीत, दादा. आज ते रिकामे बसलेत."

दादा तणतणत उठून घरी गेले. पण पुढच्या रविवारी इथं गवंडी आले. मागोमाग रंगारी आले. त्यांच्या जेवणाला पुतळामावशी आल्या. छप्पर उतरवल्यावर वर ताडपत्री बांधायला मला बोलावणं आलं, आणि जासईचा टेम्पो मी दारातून परत पाठवला. त्या दिवशी मी रडलो. ठराव कुणी रद्द केला नाही, लोक हळूहळू तो विसरले. खोल्यांत माणसं आली, हळदी पुन्हा वाजू लागल्या.

आणि मग मॅडमनी आम्हाला अजिबात न आवडणारी गोष्ट सांगितली. "दिवस बरे आले ना? आता निधी परत भरा. देश इथंच चुकतात. अडचणीत काढायला शिकतात, नंतर भरायला विसरतात." तेव्हापासून गावात हळद ठरली की दादा निधीचं पावतीपुस्तक घेऊन दारात हजर. हसू नका दादा, माझ्या बहिणीच्या हळदीला तुम्ही नवरदेवाच्या आधी आला होतात!

परवा मी मॅडमना म्हणालो, सत्काराचा मंडप माझ्याकडून, गुरुदक्षिणा समजा. त्या म्हणाल्या, "मग मी येणार नाही. तुझ्या पोरांचा पगार काय माझ्या गळ्यातल्या हारातून देणार आहेस?" म्हणून जाहीर सांगतो, समितीनं बिल चुकतं केलं आहे आणि पोरांचे पगार झाले आहेत.

मॅडम, माझा धंदा तुमच्यामुळे राहिला. समितीनं मला बोलू दिलं आणि तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, फार आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. आणि माझ्या बिलातही एक चूक आहे, तीही सांभाळून घ्या. मॅडम बसल्या आहेत त्या खुर्चीचं भाडं मी त्यात लावलेलं नाही.