जहाजावर काढलेली दृष्ट

मंडळी, एक विचारतो. देवासमोर बसलाय, म्हणून तरी खरं सांगा! एका हातात तुमचं कौतुक आहे. दुसऱ्या हातात खरं आहे. दोन्ही मिळणार नाहीत – एकच उचलायचं. काय उचलाल?

"खरं!" – वा! पहिल्या रांगेतून लगेच आवाज आला! आमच्या तबलजींनीसुद्धा मान डोलावली. कालच यांनी घरी सांगितलंय, दूध मांजरानं सांडलं म्हणून! असो. इथे मांडी घालून म्हणायला काय जातंय? द्वारकाबाईंवर ही वेळ आली, ती ऐका.

द्वारकाबाई कानवडे. गाव संगमनेर. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा हृषीकेश, पुण्यात नोकरीला. सून केतकी. आणि नात आर्वी – सव्वा वर्षाची, नुकती पाय टाकायला लागलेली. धरायला गेलं की पळणार, सोडलं की पडणार!

हृषीकेश म्हणाला, "आई, तुला समुद्र दाखवतो. क्रूझचं बुकिंग केलंय!" द्वारकाबाईंना आधी कळेचना. मग कळलं, आणि म्हणाल्या, "अरे, पाण्यावर? या एवढ्याशा जिवाला घेऊन?"

भीती होती, पण गेल्या. का गेल्या सांगू? समुद्रासाठी नाही हो! नात मिळावी म्हणून. कारण केतकी पोरगी गुणाची, पण लेकरू कुणाच्या हातात द्यायची नाही. सासूनं एकदा न विचारता मध चाटवला होता, त्यावरून घरात महाभारत! तेव्हापासून "आई, आधी विचारत जा हं." बोलणं गोड, पण लेकरू लांब! म्हातारीचा जीव तिथे तुटायचा. एकदा तरी सुनेनं म्हणावं – आई, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे. एवढी एकच आस. सोनं नको, नाणं नको!

निघालं जहाज मुंबईहून गोव्याकडे. केवढं जहाज! आत लिफ्ट, वर पोहायचा तलाव. समुद्रावर तलाव! आता याला काय म्हणायचं? आम्ही कीर्तनकार जन्मभर तुम्हाला भवसागर तरून न्यायच्या गोष्टी करतो. तिथे लोक सागरात जाऊन तलावात डुंबत होते!

आणि आर्वीनं पहिल्या संध्याकाळपासून भोकाड पसरलं. दूध घेईना. मऊ भात थुंकायची. जहाज जरा हललं की आईच्या गळ्याला मिठी. रात्रभर केतकी तिला घेऊन येरझाऱ्या घालत होती. द्वारकाबाईंनी मनात पक्कं केलं – दृष्ट लागली! लागणारच! चढताना लाल फ्रॉक घातलेला, जो तो गाल ओढत होता, फोटो काढत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी म्हणाली, "आई, मला उभं राहवत नाहीये. तासभर बघाल हिला? मी वर जरा वाऱ्याला बसते." आणि स्वतःच्या हातानं लेकरू दिलं! द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. "जा बाई जा. काही काळजी करू नकोस!"

थोपटून थोपटून आर्वी झोपली. हुंदके देत झोपली. आता स्वस्थ बसावं की नाही? पण नाही! बाईंनी नाचणीसत्त्वाचा डबा उघडला. आत काय? नाचणी वरती – खाली काडेपेटी, कापूर, मोहरी, मीठ, लाल मिरच्या! जहाजावर काड्या आणायला बंदी. आणल्या!

मंडळी, दृष्ट काढण्याला मी हसत नाही. माझ्या आईनं माझी काढली म्हणून तर हा असा गोमटा राहिलोय. हसू नका! पण जागा कुठली? चहूबाजूंनी पाणी, आणि बंद खोली. जहाजावर माणसं पाण्याला नाही, आगीला भितात.

स्टीलच्या वाटीत कापूर पेटला. मिरच्या, मोहरी ओवाळून त्यात टाकली. तडतड! धूर वर गेला. छतावर एक पांढरी डबी होती. तिला माया कळत नाही, श्रद्धा कळत नाही – धूर तेवढा कळतो! तिचा लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि दारावर थाप पडली.

"कोण आहे आत? दार उघडा! काय पेटवलंत?"

घाबरली ना बाई! आता सुनेला कळणार! आता लेकरू पुन्हा हाती लागणार नाही! हातात, पदरानं धरलेली रसरसती वाटी. इकडे बघितलं, तिकडे बघितलं – आणि ढकलली कपड्यांच्या कपाटात! कपाट बंद! पदरानं धूर वारला, आणि दार किलकिलं केलं.

बाहेर जहाजावरचा कर्मचारी, पेडणेकर नावाचा. द्वारकाबाई म्हणतात, "काही नाही रे बाबा! कढत पाण्यानं आंघोळ केली, त्याची वाफ!"

"पण मिरचीचा वास येतोय."

"ठेचा आणलाय घरचा. बाटली सांडली."

"मी आत येऊन बघतो."

"नको नको! रात्रभर रडून आत्ता झोपलंय लेकरू!" असं म्हणत बाई स्वतःच बाहेर आल्या, आणि पाठीमागे दार ओढून घेतलं. तो बिचारा भला माणूस. आत झोपलेलं मूल दिसलं होतं त्याला. म्हणाला, "बरं आजी, झोपू दे." आणि गेला.

बाईंनी सुस्कारा सोडला. वळल्या. दार ढकललं.

उघडेना.

मंडळी, त्या दारांना किल्ली नसते. कार्ड असतं. ओढलं की आपोआप कुलूप! आणि कार्ड आत, टेबलावर. लेकरू आत, गादीवर. आणि विस्तव आत, कपाटात! लांबच लांब बोळ. सगळी दारं सारखी. पेडणेकर कधीच वळणावरून दिसेनासा झालेला. बाईंनी पुन्हा दार ढकललं, पुन्हा ढकललं.

तेवढ्यात समोरून केतकी! हातात कार्ड! देव धावला की नाही? धावला! पण देव कसा धावतो बघा – सोपं करून नाही देत.

केतकीनं हळूच विचारलं, "झोपली?"

"झोपली गं. दार उघड."

"थांबा थांबा! खट्कन वाजतं ते. उठेल ती. दोन मिनिटं इथेच बसू." आणि ती चक्क खाली गालिच्यावर बसली. सासूचा हात धरला. "आई, कालपासून कुणाला जमलं नाही, ते तुम्हाला जमलं. मी उगाच तुम्हाला लांब ठेवत होते. तुम्ही आहात म्हणून मी आज निर्धास्त बसले."

ऐकलंत? तेच! ज्याच्यासाठी जीव तुटत होता, ते शब्द – आत्ता! या क्षणाला! आणि दाराच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ. केतकीची पाठ तिकडे. बाईंना दिसतेय.

आता काय करावं तिनं? बोला! मघाशी "खरं" म्हणालात ना? मन काय सांगत होतं माहीत आहे? "नुसतं 'उघड' म्हण. आत गेल्यावर गुपचूप वाटी काढ. कुणाला कळणार नाही." आपलंच मन ते. मोठं गोड बोलतं! आणि केतकी हसून म्हणत होती, "एवढी काय घाई आई? बसा ना."

द्वारकाबाईंनी तिचा हात झिडकारला. "केतकी, ऊठ! मी आत विस्तव केलाय! दृष्ट काढली, कपाटात वाटी लपवली, त्या माणसाला खोटं सांगितलं – पोर आत आहे, उघड गं, उघड!"

केतकी ताडकन उठली! कार्ड लावलं – लाल दिवा. घाईत कार्ड नीट टेकेना. पुन्हा लावलं – पुन्हा लाल! "आई गं!" बाईंनी सुनेचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं, दोघींनी मिळून कार्ड टेकवलं – हिरवा!

धूरच धूर! आर्वी गादीवर उठून बसलेली, खोकतेय, रडायलाही श्वास नाही. केतकीनं झडप घालून उचललं आणि बाहेर पळाली. बाईंनी कपाट उघडलं, तर हृषीकेशचा कोट पेटलेला! धगधगती वाटी उघड्या हातानं ओढून न्हाणीघरात फेकली, ओला टॉवेल कोटावर टाकला. घंटा वाजायला लागल्या, पेडणेकर आणि माणसं धावत आली, उरलेलं विझवलं. आर्वी बाहेर मोकळ्या हवेत आली आणि तिनं टाहो फोडला. मंडळी, त्या रडण्याइतकं गोड भजन त्या बोळात कुणी ऐकलं नसेल! म्हणा हरी, हरी!

डॉक्टरांनी तपासलं. लेकराला काही झालं नव्हतं. आणि रडण्याचं कारण? दाढ येत होती! अधिकाऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "कुणी केलं?" हृषीकेश तोवर धावत आला होता; दोष अंगावर घ्यायला पुढे होत होता. बाई म्हणाल्या, "तू गप्प बस. मी केलं." जी खरडपट्टी निघाली, ती मान खाली घालून ऐकली.

संध्याकाळी वर डेकवर बाई एकट्याच बसल्या. हाताला पट्टी. नात समोर दुडुदुडु करत होती, तिला हाकसुद्धा मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार?

केतकी आली. मग आर्वीला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, माझा हात भाजलाय."

"दुसरा आहे ना."

"केतकी, तुला राग नाही आला?"

"आलाय. लवकर जाणारही नाही." तिनं आर्वीचा फ्रॉक सारखा केला. "पण आई, मीच दार उघडू देत नव्हते. मी तुमचं कौतुक करत बसले होते. तुम्ही ते नुसतं ऐकत बसला असता तर?"

द्वारकाबाईंनी लेकराला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडल्या.

तर मंडळी, कथा संपली, पण तुम्हाला सोडत नाही! लोक आपल्याला चांगलं म्हणतात. घरची माणसं कौतुक करतात, आणि आपण ऐकत बसतो – आत काय जळतंय ते आपल्याला एकट्यालाच माहीत! आता पेटी थांबवतो, तबला थांबवतो. डोळे मिटा, देवाचं नाव घ्या. आणि ज्या माणसाला खरं सांगायचं राहिलंय, त्याला शोधायला लांब जाऊ नका. बहुतेक ते याच सतरंजीवर, तुमच्या शेजारी बसलंय.