डब्यातला निळा खडा

सन्माननीय अध्यक्ष महाराज, आमच्या शाळेच्या जागेवर देव बसवणारे आणि तरीही आज प्रमुख पाहुणे असलेले कोपरीचे धाकूशेठ, सत्कारमूर्ती परशुरामपंत, गुरुजन, आणि चहाची वाट पाहत बसलेले ठाणेकर बंधुभगिनींनो,

मी कवायतीचा मास्तर. मला बोलायला सांगणं म्हणजे मल्लखांबाला कीर्तन करायला सांगण्यापैकी आहे. पंतांची विद्वत्ता, शिस्त, साधी राहणी यांवर आधीचे तीन वक्ते बोलून गेले. तिघांचंही थोडं थोडं खरं होतं. मला एका दगडाबद्दल बोलायचं आहे.

एक्कावन्न साली धाकूशेठनी प्रयोगशाळेसाठी आपल्या मिठागराकडची जागा तोंडी कबूल केली. पाया खणताना चिखलात बैलाचं जुनं हाड निघालं, आणि हाडाच्या पोकळीत काचेसारखे स्वच्छ खडे. शेठच्या मातोश्री रंगूबाईंनी त्यातला एक धुऊन तुळशीपाशी ठेवला. चार दिवसांत तो शाईसारखा निळा झाला. आता हाड बैलाचं म्हणजे नंदी, आणि खडा निळा म्हणजे नीळकंठ. तर्कात खोट काढा पाहू? खणणं थांबलं, नारळ फुटू लागले.

पंत धावले. त्यांनी नखाने खड्यावर ओरखडा काढला, तर निघाला. देवाला नखाने ओरबाडणारा मास्तर कोपरीने प्रथमच पाहिला. दुसरा तुकडा नळीत घालून तापवला, तर आतून पाण्याचे थेंब सुटले. मग त्यांनी जमलेल्या मंडळींना वर्ग भरवल्यासारखं सांगितलं की ह्याचं नाव व्हिव्हियनाइट. कूळ फॉस्फेटचं, पोटजात पाणी धरून बसणाऱ्यांची. हाडातला फॉस्फरस आणि चिखलातलं लोखंड मिळून तो होतो, मुळात रंगहीन असतो, उजेड लागला की आतलं लोखंड बदलतं आणि खडा निळा पडतो. गावाने सगळं ऐकून घेतलं आणि आणखी एक नारळ फोडला.

तेव्हा पंतांनी पैज मांडली. हाडातून ताजा खडा काढला. पानाला पान सुटावं तसा तो सरळ चिरतो, म्हणून त्याचे दोन पापुद्रे केले. एक उन्हात, एक पितळी डब्यात. आठ दिवसांनी डब्यातला रंगहीन राहिला तर जागा शाळेची, निळा झाला तर देवाची. डबा ठेवायचा कुणाकडे? दोन्ही बाजूंनी एकमताने माझं नाव घेतलं. गावाचं म्हणणं, ह्याला शास्त्र कळत नाही, हा लबाडी काय करणार. पंतांचंही तेच म्हणणं असावं, पण ते सभ्य गृहस्थ.

नवव्या दिवशी सगळ्यांसमोर डबा उघडला. आत खडा निळा. धाकूशेठ हात जोडून म्हणाले, "मास्तर, तुमी देवाला डब्यान कोंडलाव, तरी तो निलाच झाला."

पंतांनी वाद घातला नाही. जागा सोडली. सहा वर्षं जिन्याखालच्या अडगळीत पोरांना रसायन शिकवलं. तिथे उभं राहिलं की त्यांचं डोकं पायरीला लागायचं, हे तुम्ही पाहिलंय. दरवर्षी फॉस्फेटचा धडा आला की ते पोरांना स्वतःहून सांगायचे, माझा एक प्रयोग फसला, कारण मला ठाऊक नाही. इतर मास्तर हसायचे. मीही हसलो आहे.

परवा पंत सामान बांधत होते, मुलाकडे डोंबिवलीला जायचं म्हणून. मी दोर आवळायला गेलो होतो. त्यांनी जुनी वही काढली. 'उजेडाने रंग बदलतो' या ओळीवर काट मारलेली होती. मला म्हणाले, "डबा तुमच्याकडेच होता. तुम्हाला काय वाटतं, माझं काय चुकलं असेल?"

मी म्हणालो, देव जाणे.

सभाजनहो, देव कशाला, मीच जाणत होतो. ते आठही दिवस शाळा सुटली की मी डबा उघडत होतो. उजेडाने रंग बदलतो हे पंतांनी मला चारदा बजावलं होतं. म्हणूनच तर रोज बघत होतो, बदलतोय का. खोलीत नीट दिसेना, म्हणून गच्चीवर उन्हात नेऊन, तळहातावर धरून, विडी संपेपर्यंत बघायचो. मला पंतांना जिंकवायचंच होतं हो. पाचव्या दिवशी खड्यावर निळी झाक दिसली, तेव्हा माझा मूर्खपणा माझ्या ध्यानात आला. मग काय केलं? पुढचे तीन दिवस आणखी बारकाईने बघितलं. आणि नवव्या दिवशी, आणि त्यानंतर सहा वर्षं, तोंड उघडलं नाही. पोरांना मी छाती पुढे काढून उभं राहायला शिकवतो.

धाकूशेठ, तुमच्या देवाला कुणी हात लावणार नाही. तिथे आता रंगूबाईंचा दिवा असतो आणि तो असावा. पण मागे अर्धा गुंठा मोकळा आहे, तो मी कालच पावलांनी मोजून आलो. असे पाहू नका, मी काही मागत नाही. नुसतं सांगतोय.

आणि पंत, तुमची ओळ खरी होती. काट पुसा.

अध्यक्षांनी घंटी दोनदा वाजवली, पण मला थांबवलं नाही, त्यांचे आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपलेही. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेने रीतीप्रमाणे पोटात घालावं. पंतांनी मात्र रीत म्हणून क्षमा करू नये. त्यांनी घरी जाऊन, विचार करून, काय ते सांगावं. तोवर त्यांची ट्रंक मी स्टेशनापर्यंत डोक्यावरून नेतो.