बाटलीतली चिठ्ठी

ग्लॉस्टरजवळच्या खाणीबाहेर, बेकन-पावाच्या गाडीपाशी मॉरीनबाई रांगेत होत्या. 'खाण वाढवू नका' म्हणणाऱ्या गावसमितीच्या त्या चिटणीस. पुढे खाणीचा मॅनेजर आणि खणण्याआधी नवी जागा तपासणारी पुरातत्त्ववाली बाई बोलत होते, तसे मॉरीनबाईंचे कान टवकारले.

"सोमवारी माझी यंत्रं लागतायत. रोमन काळातलं काही निघालं नाही ना?"

"एक चर निघालाय, क्लाइव्ह. अगदी सुबक."

"मेलो! किती जुना?"

"तीस वर्षं. आम्हीच चाचणीसाठी खणलेला. तळाशी बाटलीत चिठ्ठी होती, 'इथे काही नाही. पुन्हा खणू नका.'"

"देव पावला! लिहिली कोणी?"

"मीच. तेव्हा नवखी होते."

"मग बुजवा की!"

"असं कसं? माणसाच्या हातचं काही निघालं की चर रुंद करायचा, नियमच आहे. तीन आठवडे धरा."

मॉरीनबाईंनी चहा घेतला आणि गाडीवाल्याकडे एक रिकामी बाटली मागितली.