अक्कांचा मूतखडा

तुम्ही हसाल, पण मूतखडा झाला म्हणून आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, सासूबाईंची, म्हणजे अक्कांची, टमाटी बंद केली होती. तरी खडा पुन्हा झालाच. शेवटी दोघांना शिंदखेड्याहून आमच्याकडे जळगावात पिंप्राळ्याला आणलं आणि तिथेच अक्कांचं ऑपरेशन केलं. खडा तपासून आला तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "टमाट्यांचा दोष नाही. हा खडा लघवीतल्या जंतूंमुळे झालाय."

नाना दचकले. "म्हणजे लागणारा शे का? मी बी तिनाच तांब्यानं पानी पेस!"

"खडा कोणाला लागत नाही हो नाना." मॅडम हसून अक्कांकडे वळल्या. "लघवीला जळजळ व्हायची का? मधूनमधून ताप?"

अक्कांनी मान खाली घातली. "चार वरीस व्हई ग्यात."

नानांचं तोंडच उतरलं. "तू माले सांगं नही?"

"लाज वाटे. आंग तापनं का गोळी खाऊ, बस."

मॅडमनी औषधांचा कोर्स दिला आणि बरं वाटलं तरी मध्येच सोडायचा नाही, असं बजावलं. घरी नाना एकेक गोळी स्वतःच्या हाताने द्यायचे. कोर्स संपल्यावर दोघं शिंदखेड्याला परतले.

दोन महिन्यांनी पुढच्या तपासणीला मी दवाखान्याच्या दारात उभी होते. शिंदखेड्याहून जीप आली. अक्का उतरल्या आणि त्यांच्यामागून गल्लीतल्या चौघीजणी. अक्कांनी सगळ्यांना थेट आत नेलं आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्या बठ्ठ्या बी गपच बठेल शेतस. इचारा त्यास्ले."