घड्याळाच्या इमारतीपुढचा फोटो

हिंगोलीच्या एसटी स्टँडवर निता रविवारची पुरवणी उघडून बसली, अन् शेजारचं म्हातारं जोडपं तिच्या खांद्यावरून पानात डोकावलं. पानभर जुन्या मुंबईतल्या, आता नसलेल्या इमारतींचे फोटो होते.

“सोजरा, हे बघ! हीच ती घड्याळाची इमारत. इथंच उभं राहून फोटो काढला मी.”

“आपल्या भिंतीवरला?”

“व्हय. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली. बराबर सव्वाचार वाजले व्हते.”

“पोरी, खाली काय लिवलंय गं?” म्हातारीनं विचारलं.

निता अडखळली. “एकोणीसशे चौसष्टला पाडली, असं लिहिलंय.”

“पेपरवाले काहीबी छापून राहिले!”

“अवं, पन आपल्या फोटोत इमारतीला मधोमध घडी पडलेली हाय.”

“समुद्राचं वारं लई व्हतं तवा.”

“वाऱ्यानं इमारतीला घडी पडती व्हय?”

“तुला काय ठावं? तू कवा पाह्यली मुंबई?”

“त्याच साली. माझा फोटो पेटीत तळाशी हाय. हीच इमारत, हीच घडी, घड्याळात तेच सव्वाचार. औंढ्याच्या जत्रेत फोटोवाल्याच्या पडद्यापुढं बाबानं उभं केलं व्हतं मला.”

म्हाताऱ्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“मंग इतकी वर्सं काहून बोलली न्हाई?”

“जावयानं मुंबई पाह्यली म्हनून बाबानं गावभर सांगितलं व्हतं. ती इमारत मी कशाला पाडू?”