लिलावाचं घड्याळ

बँकेच्या रांगेत घड्याळवाल्या काकांच्या पुढे मदतनिधी संस्थेचे खजिनदार आणि सचिवबाई उभे होते. काकांच्या पिशवीत दातांच्या डॉक्टरांचं, कालच दुरुस्त केलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं.

"चौदा वर्षं, बाई! दर वर्षी तेच बंद घड्याळ लिलावात काढायचं, घेणाऱ्याने पैसे मोजायचे आणि घड्याळ तिथल्या तिथे संस्थेला परत द्यायचं."

"निम्मा निधी त्याच्यावरच उभा राहिला हो आपला."

"आणि यंदा ते दातांचे डॉक्टर सरळ काखोटीला मारून घरी घेऊन गेले!"

"नवीन सभासद. त्यांना कुणी सांगितलंच नाही."

"मग मागा की परत."

"कुठल्या तोंडाने? पावती मीच फाडली."

"पुढच्या वर्षी पेशंटांना औषधं कशातून द्यायची?"

"दुसरं घड्याळ काढू लिलावात."

"चालणारं? ते कोण परत करील? आजवर सगळ्यांनी दिलं, ते काय दानशूर म्हणून? बंद होतं म्हणून!"

"हळू बोला, मागे लोक आहेत."

काका रांगेतून हळूच बाजूला झाले. खांबाआड जाऊन त्यांनी फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, घड्याळवाला बोलतोय. तुमचं घड्याळ पार कामातून गेलंय. माझं ऐका, संस्थेला परत देऊन टाका. तेवढीच भिंत मोकळी."

एवढ्यात पिशवीतून अकराचे ठोके पडू लागले.

"अहो, हे ठोके कसले?"

"दुकानात उभा आहे ना साहेब. इथे घड्याळांना काय तोटा!"