सरस धरेपर्यंत

ग्रंथपाल : आणि हे तिसरं. टेबलावर नुसतं उघडं ठेवलं होतं, पाठ हातात आली.

काका : उघडं म्हणजे पालथं?

ग्रंथपाल : सुलटं. पंचवीस वर्षं पुस्तकं सांभाळतेय मी, पालथं घालेन का?

काका : तुम्ही नाही हो. तुमचे वाचक. लोक पुस्तक उशाला घेऊन झोपतात.

ग्रंथपाल : झोपू देत. तुमच्याकडून एकवीस पुस्तकं बांधून नेली, त्यातली आठ अशी सुटली. तुमचे थोरले बंधू होते तोवर एक परत आलं नव्हतं. वाईट वाटून घेऊ नका, पण आहे ते असं आहे.

पुतणी : बरोबर आहे तुमचं. बाबा असताना नव्हतं आलं.

ग्रंथपाल : तू त्यांची मुलगी ना? कपाळावरून ओळखलं. हॉस्पिटलात भेटायला यायचं माझं राहूनच गेलं.

पुतणी : तुमचं पत्र आलं होतं. आईनं ठेवलंय ते.

ग्रंथपाल : ठेवलं ना? बरं झालं. ... तर ऐका. पुढच्या महिन्यात दोनशे पुस्तकं बांधायला काढायची आहेत. समिती म्हणते, मशीनवाल्याकडे द्या. मी म्हटलं, एकदा बोलून येते. ही आठ शुक्रवारपर्यंत नीट झाली, तर मला समितीपुढे तोंड उघडता येईल.

काका : होतील. या खेपेला चिकटवायचा सरसच खराब आला होता.

ग्रंथपाल : ते तुमचं तुम्ही बघा. येते मी.

काका : सावकाश. पायरी उंच आहे.

पुतणी : गेल्या त्या. आता सांग.

काका : काय सांग?

पुतणी : सरस खराब आहे?

काका : भेसळ. हल्ली कशात नाही?

पुतणी : डब्यावर बाबांच्या हातची तारीख आहे. ते आजारी पडायच्या आधीची. म्हणजे याच डब्यातल्या वड्या वितळवून त्यांनीही पुस्तकं बांधली.

काका : शहाणे, तू प्रुफं तपासतेस ना छापखान्यात? तीच तपास. माणसं नको तपासू.

पुतणी : मग हवा दमट आहे का?

काका : आहेच की. बघ, पुठ्ठा कसा वाकलाय.

पुतणी : काका, एक कर. माझ्यासमोर एक पुस्तक बांध. मी गप्प बसते.

काका : तू आणि गप्प! दादा म्हणायचा, सगळी बाळं जन्मली की रडतात, हिनं प्रश्न विचारला.

पुतणी : बांध ना.

काका : बांधतो, बाई, बांधतो. हे घे. पानांचे फर्मे शिवलेले आहेतच, शिलाईला काही झालेलं नाही. पाठ खरवडून घेतली. आता सरस. कडेपासून कडेपर्यंत, एकसारखा. आता हे जाळीचं कापड घ्यायचं आणि...

पुतणी : थांब.

काका : गप्प बसणार होतीस.

पुतणी : आत्ता सरस लावलास. लगेच कापड?

काका : मग काय, आधी त्याच्याशी गप्पा मारू?

पुतणी : बाबा सरस लावून बाहेर जायचे. मी शाळेतून आले की तुम्ही दोघं मागच्या पायरीवर असायचात. मला वाटायचं, काम सोडून बसलात.

काका : काम सोडून नाही. ते कामच होतं. सरस लावायचा, पायरीवर जायचं, एक सिगारेट ओढायची, आत येऊन कापड टाकायचं. सिगारेट संपली की सरस तयार. ओल्यावर टाकलं तर कापड पोहतं. वरून चिकटल्यासारखं दिसतं, आत धरत नाही. फार वाळला तर धरायला काही उरत नाही.

पुतणी : म्हणजे तुला सगळं माहीत आहे.

काका : चाळीस वर्षं हेच करतोय, माहीत नसायला काय झालं?

पुतणी : आणि तरी थांबत नाहीस.

काका : थांबू कुठं? पायरीवर गेलो की हात आपोआप खिशात जातो. आत थांबलो की डोळे दाराकडे. घरी एवढं होत नाही गं. जेवल्यावर जरा वाटतं, ते पेपरमिंटवर भागतं. पण इथं ब्रश खाली ठेवला न ठेवला की सुरू. तोंड नाही मागत, छाती मागते. म्हणून हात रिकामा ठेवायचाच नाही असं ठरवलं. सरस लावला की कापड. कापड लावलं की पुठ्ठा. पुठ्ठा लावला की पुढचं पुस्तक.

पुतणी : किती दिवस झाले सोडून?

काका : सत्तेचाळीस. त्यात आठ पुस्तकं फुटली, हेही धर.

पुतणी : घड्याळ लावू या की मग. किती मिनिटं थांबायचं?

काका : एक सिगारेट.

पुतणी : मिनिटांत सांग.

काका : मोजतंय कोण? आणि माझी नव्हे, दादाची. मी भसाभसा ओढायचो. माझी संपली तरी दादाची अर्धी असायची. मग मी नुसता बसून राहायचो. तो उठला की उठायचं. हे दुकान दादाच्या सिगारेटवर चालायचं म्हण ना.

पुतणी : बोट लावून कळत नाही?

काका : कुठल्या बोटानं? ही दोन बघ. भाजून भाजून लाकूड झालंय. आणि बाकीच्यांना सवय नाही.

पुतणी : दाखव. ... हो रे. गुळगुळीत झालीत.

काका : एक उपाय आहे. रागावणार नसशील तर सांगतो.

पुतणी : सांग.

काका : एक ओढून बघायची. घड्याळ लावून, दादासारखी सावकाश. किती मिनिटं झाली ती भिंतीवर लिहून ठेवायची. की संपलं. पुन्हा जन्मात गरज नाही.

पुतणी : हे कधी सुचलं?

काका : आत्ता. तुझ्याशी बोलताना.

पुतणी : काका.

काका : परवा. अंघोळ करताना.

पुतणी : आणून ठेवली आहेस का?

काका : छे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मीच सांगून ठेवलंय, मी मागितली तरी देऊ नकोस म्हणून. मोठा इमानदार निघाला लेकाचा. परवा दोनदा गेलो, दोनदा पेपरमिंट दिली. पण तुला देईल.

पुतणी : मी आणू?

काका : एकच. मापापुरती.

पुतणी : नाही.

काका : अगं ऐक तरी. बाई शुक्रवारी येणार...

पुतणी : नाही म्हटलं ना!

काका : बरं, बरं. ओरडतेस कशाला?

पुतणी : ओरडले नाही. ... ओरडले. बाबांनीही मागितली होती. हॉस्पिटलात, अशीच, एक. आई अंघोळीला घरी गेली होती. म्हणाले, ओढणार नाही, नुसती हातात धरतो. मी म्हटलं, "लाज कशी वाटत नाही तुम्हाला, बाबा?" याच शब्दांत. ते "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे वळले. त्यानंतरही बोलले माझ्याशी. पाणी दे म्हणाले, पडदा ओढ म्हणाले. पण मला ते "बरं"च ऐकू येतं.

काका : मंगळवारी ना?

पुतणी : तुला काय माहीत?

काका : बुधवारी त्यानंच सांगितलं. गच्चीत.

पुतणी : कसली गच्ची? ते तर उठतही नव्हते.

काका : चाकाच्या खुर्चीवरून नेलं. नर्सला म्हटलं, जरा उन्हात बसवतो. तू छापखान्यात गेली होतीस.

पुतणी : आणि?

काका : आणि दिली मी. पेटवून दिली.

(काका ब्रश पाण्यात बुडवून ठेवतो.)

काका : बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर.

पुतणी : किती ओढली त्यांनी?

काका : दोन झुरके. तिसऱ्याला ठसका लागला. म्हणाला, चव गेली रे हिची. उरलेली मी ओढली.

पुतणी : तू ओढलीस?

काका : त्याच्या हातातली होती. टाकवेना. ... रात्री त्याचा ऑक्सिजन वाढवला. गुरुवारी आणखी वाढवला. शनिवारी गेला. त्या गुरुवारपासून मी हात लावलेला नाही. डॉक्टर मला म्हणाले, शाब्बास, भावाचं बघून शहाणे झालात. मी मान हलवली. तुझ्या काकूलाही वाटतं, मी घाबरून सोडली. वाटू दे म्हटलं.

पुतणी : डॉक्टरांनी आईला सोमवारीच सांगितलं होतं. आठवडा निघणार नाही म्हणून.

काका : सोमवारी? बुधवारच्या आधी?

पुतणी : आधी. आईनं मला जिन्यात सांगितलं. तुला सांगू नको म्हणाली, तू कोसळशील म्हणून.

काका : खरं बोलतेस, की मला बरं वाटावं म्हणून?

पुतणी : बरं वाटावं म्हणून मी कधी कुणाला काही बोलले आहे का? बाबांना काय बोलले ते आत्ताच ऐकलंस.

काका : हं. तेही खरं.

पुतणी : गच्चीत माझ्याबद्दल काय म्हणाले?

काका : म्हणाला, काल हिला मागितली तर काय झापलंय मला! थेट आईच्या वळणावर गेलीय. आणि हसायला लागला. हसण्यातच तर ठसका लागला.

पुतणी : हसले?

काका : आता मी कशाला खोटं बोलू? एवढं सगळं ओकल्यावर?

पुतणी : ... रद्दी फर्मे आहेत का रे? शिवलेले?

काका : आहेत की खोकाभर. कशाला?

पुतणी : सहा काढ. सगळ्यांना एकदम सरस लावू. मग दर दोन मिनिटांनी एकावर कापड टाकायचं आणि पेन्सिलीनं मिनिटं लिहायची. तुझी बोटं नाही सांगत, तर मी बोट लावून सांगते. उद्या कापड ओढून बघू कुठलं धरतं ते.

काका : सहा म्हणजे बारा मिनिटं. बारा मिनिटं मी काय करू?

पुतणी : पायरीवर बसायचं.

काका : तिथं नको.

पुतणी : तिथंच. सहाही फळीवर मांडून घेऊनच बसू. मी आहे ना.

काका : तू असलीस म्हणून काय ती तलफ मला सोडणार आहे? ... सरक. मी लावतो, तुझ्यानं गुठळ्या होतील. धर फळीचं ते टोक. हळू.

पुतणी : बस इथं. लावलं घड्याळ.

काका : ही दादाची बाजू. भिंतीची. तू बस तिकडे, मी माझ्या बाजूला बसतो.

पुतणी : दोन झाली. ओला आहे, सगळा बोटावर येतोय. कापड टाक. तुला काय होतंय?

काका : कुणीतरी बाही धरून ओढतंय. चल, चल म्हणतंय. दुकान इथंच आहे, कोपऱ्यावर, आलोच म्हणावं.

पुतणी : काय म्हणतोस मग त्याला?

काका : म्हणतो, पुतणी बसलीय, आज जमायचं नाही.

पुतणी : चार. अजून ओलाच.

काका : आता जोर केलाय त्यानं. बोल काही.

पुतणी : तू बोल. तुम्ही दोघं इथं काय बोलायचात?

काका : काही नाही. तुझा बाप म्हणजे चाळीस वर्षांत चाळीस वाक्यं. हां, एकदा बोलला होता. तू प्रुफं तपासलेलं पहिलं पुस्तक बांधायला आलं होतं बघ. इथं बसून अख्खं वाचलं त्यानं. दोन चुका सापडल्या म्हणाला. वर मला दम, तिला सांगशील तर बघ.

पुतणी : दोन? कुठल्या?

काका : मला काय विचारतेस? मी पुस्तकं बाहेरून ओळखतो.

पुतणी : पान तरी?

काका : अगं, सहा झाली असतील, बघ.

पुतणी : झाली. दाट झालाय. बोट उचललं की तार येते.

काका : तार नको. कापड टाकून घेतो, पण हे नव्हे. चालू दे.

पुतणी : दोन चुका. मी चार वेळा वाचलं होतं ते.

काका : बघ, उगाच सांगितलं. दादाचं ऐकायला हवं होतं.

पुतणी : आठ. थांब हं. ... लागतोय, पण बोटावर येत नाहीये. बोट लवकर सोडत नाही.

काका : नीट सांग. ओलं वाटतं?

पुतणी : नाही. गार वाटतं, आणि धरून ठेवतं.

काका : हाच. हाच तो. टाक कापड, तूच टाक. मधून बाहेर दाब. अस्सं. बघ, हललं का जरा तरी?

पुतणी : नाही हललं. आठ मिनिटं, काका! मग आता उरलेले दोन कशाला? मिळालं ना आपल्याला.

काका : सरसाचं मिळालं गं. माझं अजून व्हायचंय. बस जरा.